रायवळ आंब्याच्या शेंड्यावरून

मुलांनो, आज बागेत ड्रोनने मोहोरावर औषध फवारलं. त्या उग्र वासात उभी असताना ड्रोनवाल्याने मला पडद्यावर आपली बाग वरून दाखवली. जुन्या रायवळ आंब्याच्या शेंड्याशी जरा थांबव आणि बंदराच्या दिशेने वळव, म्हटलं. तिथून बंदर दिसतच नाही. मध्ये डोंगर येतो.

मी तेव्हा नऊ वर्षांची होते आणि माझा धाकटा भाऊ, तुमचे नानाआजोबा, सात वर्षांचा. बाबा मुंबईला नोकरीला होते, वर्षातून एकदा बोटीने यायचे. ते येणार होते त्या दिवशी नाना त्या रायवळच्या थेट शेंड्यावर चढला. मुलींनी झाडावर चढायचं नाही, असा आईचा दंडक होता, म्हणून मी बुंध्याशी उभी राहून मान दुखेपर्यंत वर बघत होते.

"बोट आली गो!" नाना ओरडला. "बाबा कठड्याशी उभे आहेत. मला हात केला बघ!"

"आणि मला?"

"तू कुठे दिसतेस त्यांना!"

मी इतकी जळले, की संध्याकाळी बाबा घरी आले तरी माजघरातून बाहेर गेले नाही. शेवटी तेच आत आले.

"काय गो, रुसलीस?"

"तुम्ही बोटीवरून फक्त नानाला हात केलात."

बाबा दाराशी उभ्या असलेल्या नानाकडे बघत राहिले. त्याचे कान लाल झाले होते.

"हो," बाबा सावकाश म्हणाले, "केला खरा."

ते नानाचं खोटं सांभाळत होते, हे मला आज कळलं. आता तरी माझा हेवा संपायला हवा होता. पण त्या दोघांचं एक गुपित होतं आणि त्यात मी नव्हते, हे सकाळपासून मला सहन होत नाहीये.