हसत हसत गेला म्हणे!

आज सरांच्या रक्षाविसर्जनाला लोकांनी टाळ्या वाजवल्या.

हो, टाळ्या! अस्थी अजून नदीत सोडायच्या होत्या आणि आमच्या गावच्या स्मारक समितीचे अध्यक्ष माइकवर कविता म्हणत होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. सर म्हणजे आमच्या हायस्कूलचे मराठीचे सर. त्यांचा एकुलता एक मुलगा, विक्रम, सीमेवर गोळी लागून गेला. गावानं चौकात त्याच्या नावाचा दगड उभा केला. नावाखाली काय कोरायचं? तर अध्यक्षांची स्वरचित युद्धकविता.

हसत हसत गेला रणी आमुचा जवान
तिरंग्याची राखली त्याने उंच शान

हे ठरवायला समितीची मीटिंग झाली, तिथं मी होतो. सगळे "लय भारी, लय भारी" करत माना डोलावत होते. सरांनी कागद मागून घेतला आणि वर्गात मोजायचे तशा बोटांवर मात्रा मोजल्या.

"जवान आला की मागनं शान येणारच. यमकाचं जाऊ द्या," सर म्हणाले. "पण पहिल्या ओळीत तीन मात्रा कमी पडत हुत्या, म्हणून तुमी 'हसत' दोनदा घातलंय."

अध्यक्ष खिदळले. "आवं सर, कवितेत चालतंय की!"

"माझा पोरगा तुमच्या मात्रा भरायला हसला न्हाई."

मीटिंग तिथंच संपली. दगडावर नुसतं नाव राहिलं.

मग गावात कुजबुज सुरू, सरांना म्हणे देशाबद्दल काही वाटतच नाही. पोरगा देऊन बसलेल्या माणसाबद्दल हे बोलायचं! अक्कल गहाण टाकल्याशिवाय एवढं जमत नाही.

आणि आज सर ऐकायला नाहीत म्हटल्यावर अध्यक्षांनी तीच कविता बाहेर काढली. वर जाहीर केलं, "ही दगडावर कोरावी, अशी सरांची शेवटची इच्छा होती."

साफ खोटं. आणि त्यावर टाळ्या!

माझं डोकंच फिरलं. मी उठणार तेवढ्यात काकू, सरांच्या मिसेस, पुढे गेल्या. माइकबिइक काही घेतला नाही.

"आवं अध्यक्ष, ह्यांची इच्छा मला सांगू नगा. पोराची पेटी आली तवा त्येचं तोंड आमी दोघांनी बघितलंय. त्यो हसत नव्हता."

अध्यक्षांनी कागद घडी करून खिशात घातला. मग आम्ही अस्थी सोडल्या. मी रडलो, लपवत नाही.

दगडावर विक्रमचं नाव तेवढंच राहील. कोण हात लावतो ते बघतोच.

सर, निवांत जा. काकूंना आम्ही आहोत.

तुमच्या वर्गातल्या सगळ्यांचा शेवटचा नमस्कार.