रिकाम्या जिमखान्यात माझे हात धरणारी ताई

बरेच दिवस इथले अनुभव नुसते वाचतेय, आज पहिल्यांदाच लिहितेय. आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. आमचं घर बौद्ध. करणी, उतारा, बाहेरची बाधा असलं काही घरात नुसतं बोललं तरी पप्पा टीव्ही बंद करून लेक्चर सुरू करतात. मी त्यांचीच मुलगी. त्यामुळे हे टाईप करताना मलाच कसंतरी वाटतंय… पण झालं ते झालं.

आम्ही अंबरनाथला बुवापाड्यात राहतो. कॉलेज उल्हासनगरचं. नाव लिहीत नाही, पोरी लगेच ओळखतील. माझा मावसभाऊ अमेरिकेत शिकतो. तो एकदा सांगत होता, तिकडे कॉलेजात मुलींच्या सोरॉरिटी असतात, आत घेताना काय काय करायला लावतात, आणि एकदा आत गेलं की जन्मभर सगळ्या बहिणी. मी म्हटलं, आमच्याकडे पण आहे की! आम्ही त्याला पथक म्हणतो.

मुलींचं ढोल-ताशा पथक. नुसतं वाजवता येऊन तिथे भागत नाही, तुला 'ताई लागावी' लागते. म्हणजे नव्या मुलीला जुन्या जिमखान्यात ढोलापुढे बसवतात आणि डोळ्यांवर ओढणी बांधतात. मागून एक सीनियर येते, तुझे दोन्ही हात धरते आणि तुझ्याच हातांनी ढोलावर ठेका वाजवून घेते. एक शब्द बोलायचा नाही. मग ती बाहेर जाते, ओढणी सोडतात, आणि नुसत्या स्पर्शावरून ती कोण ते तू ओळखायचं. चुकलीस तरी चालतं. पण तेव्हापासून ती तुझी ताई. अभ्यास, भांडण, घरचं टेन्शन, काहीही असो… पहिला फोन तिला. ताई नाही तर पथक नाही.

मला हे हवंच होतं. शाळेतल्या माझ्या सगळ्या मैत्रिणी दुसऱ्या कॉलेजांत गेल्या होत्या. मी डबा एकटी खायचे. मैदानात या पोरी एकमेकींच्या कमरेला ढोल बांधताना दिसायच्या आणि मी उगाच तिथे रेंगाळायचे.

जानेवारीतला शनिवार होता. लेक्चर संपली होती, बाहेर लख्ख ऊन. आदल्या दिवशी विळीवर माझा डावा अंगठा कापला होता. आईने पप्पांच्या जुन्या लुंगीची चिंधी बांधली होती, निळ्या चौकड्यांची. नवीन आम्ही तिघी होतो. पहिल्या दोघींचं झालं, त्या बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसल्या. मग मला बसवलं, ओढणी बांधली, दार लोटलं आणि सीनियर खाली गेल्या.

थोडा वेळ काहीच नाही. वर कुठेतरी कबुतरं पत्र्यावर नखं घासत चालत होती. मग मागे कुणीतरी येऊन बसलं. बांगड्या वाजल्या. दोन हातांनी माझे हात धरले. तळवे गरम होते आणि खरखरीत. डाव्या अंगठ्याची चिंधी लागल्यावर तो हात थबकला. मग तिने पकड बदलली, अंगठा बाजूला ठेवून नुसती बोटं धरली. आणि कानाशी अगदी हळू म्हणाली, "हा हात सैल सोड गं. दुखेल."

बोलायचं नसतं. मी पण गप्प राहिले.

तिने वाजवून घेतलेला ठेका पथकाचा नव्हता. पथकाचे सगळे ठेके मला ऐकून पाठ होते. हा वेगळाच… मध्येच एक जागा रिकामी सोडायची, आपण पुढच्या थापेची वाट बघतो आणि ती जराशी उशिरा येते. माझ्या हातात तो बसेपर्यंत तिने सोडलं नाही. मग खांदा दाबला. बांगड्या लांब गेल्या.

मी ओढणी सुटायची वाट बघत बसले. बऱ्याच वेळाने दार धाडकन उघडलं.

"सॉरी यार, सॉरी!" सायलीचा आवाज. सायली म्हणजे थर्ड इयरची, ताशा तीच वाजवायची, एकदम फटकळ. "मॅडमने खाली पकडलं सगळ्यांना, आय-कार्ड दिखाओ करत बसल्या. चल, तुझं करून टाकू."

"झालं ना माझं," मी म्हटलं.

"क्या हुआ? मी आत्ता येतेय. तुझी ताई मी होणार होते."

मी ढोलावर तो ठेका वाजवून दाखवला. सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. पायऱ्यांवरच्या दोघी म्हणाल्या, आत कुणीच गेलं नाही. जिमखान्याला दार एकच, खिडक्यांना जाळ्या. मी वर बघितलं… वर सिमेंटचा स्लॅब. पत्रा कुठेच नव्हता.

"यूट्यूबवर शिकून आली आणि आता फुटेज खातेय," सायली म्हणाली. "बस परत. ओढणी बांध."

मी नाही बसले. का ते धड सांगता येणार नाही. परत बसले असते तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण मग आधीचं मी बनवलं होतं असं झालं असतं, आणि मी बनवलं नव्हतं.

सायली भडकली. "मग शोध तुझी ताई. सापडली की ये. तोपर्यंत पाण्याचे कॅन उचल."

मी कॅन उचलले. प्रॅक्टिस बघायचे, घरी आले की पालथ्या बादलीवर तो ठेका वाजवायचे. आई ओरडायची, "बादली फुटली तर पाणी तुझ्या डोक्यावर भरू का?" पण जिमखान्यातली ती कानाशी काय बोलली ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. सुरुवातीला वाटलं, कुणीतरी सीनियरच असेल, नियम मोडला म्हणून बोलणी खाईल. नंतर कुणी विचारलंच नाही.

शिवजयंतीला बदलापूर गावात मिरवणूक होती. सकाळची. मध्ये थांबा झाला, पोरी सरबत प्यायला गेल्या आणि मी ढोलांची राखण करत बसले. हात गप्प बसेनात. एका ढोलावर बोटांनीच तो ठेका धरला.

समोरच्या घराच्या ओट्यावर एक बाई उभ्या होत्या. चाळिशीच्या पुढच्या, चष्मा, कॉटनची साडी. त्या भराभर खाली आल्या.

"हा ठेका कुणी शिकवला तुला?"

"ताईने."

"नाव काय तिचं?"

"माहीत नाही," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

त्या तिथेच पायरीवर बसल्या. नाव वंदना, गावातल्याच शाळेत शिकवतात. आमच्याच कॉलेजच्या, आमच्याच पथकातल्या, अगदी सुरुवातीच्या. "हा माझा ठेका आहे," त्या म्हणाल्या. "मी बसवला होता. आमच्या लीडरला आवडला नाही, पथकात कधी वाजलाच नाही. मी तो फक्त एकदा, एका ज्युनियरला शिकवला. ज्योती नावाची. ताई लागायच्या दिवशी."

"मग त्यांनी पुढे कुणाला…"

"तिला येतच नाही तो. ती म्हणाली, तू आलीच नाहीस. मॅडमने तिला खालीच अडवलं होतं म्हणे, ती वर आली तर जिमखाना रिकामा. आणि मी तर एका मुलीचे हात धरून वाजवून आले होते! पाठमोरी होती, डोळ्यांवर ओढणी. मला वाटलं ज्योतीच. नंतर आठवलं, त्या मुलीच्या अंगठ्याला चिंधी होती. निळ्या चौकड्यांची. ज्योतीचा अंगठा धड होता."

माझं बोट आपोआप डाव्या अंगठ्यावरच्या व्रणावर गेलं.

तरी डोक्यात पहिला विचार हाच आला की सायलीने माझी मजा घ्यायला या बाईंना पढवलंय. चिंधी तर सगळ्यांनी बघितली होती. म्हणून मी सायलीला ओढत बाजूला नेलं आणि ते हात सैल सोडायचं वाक्य पहिल्यांदा तिच्या कानात सांगितलं. "आता जा, त्या बाईंना विचार, त्या मुलीशी काही बोललात का. मी इथेच उभी राहते."

सायली हसत गेली. मला लांबून वंदनाताईंचे ओठ हलताना दिसले. सायलीचं हसू हळूहळू उतरलं. ती परत आली. एक ढोल उचलला, माझ्या कमरेला बांधला आणि दोरी घट्ट ओढून म्हणाली, "चल. तुझी ताई बघतेय."

नंतर वंदनाताईंनी मला कॉलेजचे त्यांच्या वेळचे फोटो दाखवले. जिमखान्यावर तेव्हा पत्रे होते. मी कबुतरांचं विचारल्यावर म्हणाल्या, "घाण नुसती! रोज झाडायचो."

पण त्यांच्या मनात वेगळंच होतं. ज्योतीने त्या दिवसानंतर पथक सोडलं होतं आणि दोघी परत बोलल्या नव्हत्या. "तिला वाटलं मी तिला नाकारलं," वंदनाताई म्हणाल्या. "तू येशील माझ्याबरोबर?"

ज्योतीताईंचं उल्हासनगरलाच, कॅम्प दोनच्या बाजारात पिको-फॉलचं छोटं दुकान आहे. आम्ही गेलो तेव्हा त्या मशीनवर होत्या, काउंटरवर एक सिंधी आंटी साडीची घाई करत होती. "बस दो मिनट, आंटी," म्हणत त्यांनी वर बघितलं आणि मशीन थांबलं. वंदनाताईंनी सगळं सांगितलं. मी अंगठ्याचं सांगितलं, वाक्य सांगितलं, काउंटरवर ठेका वाजवून दाखवला.

ज्योतीताईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मला नाही पटत हे. अजिबात नाही."

वंदनाताईंनी मान खाली घातली.

"पण वंदे, हे नुसतं एवढं सांगायला तरी यायचंस ना गं. एवढी वर्षं!" आणि साड्यांचा ढीग बाजूला सारून त्यांनी स्टूल पुढे केलं. "बस. चहा सांगते."

मी तिथे होते हे दोघी विसरूनच गेल्या. आंटी साडीचं विचारून दमली आणि शेवटी ती पण चहा प्यायला बसली.

मी खूप डोकं लावलं. स्वप्न म्हणावं तर ठेका कुठून आला? कुणी रचलं म्हणावं तर ते वाक्य माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. आणि वंदनाताई तर धडधाकट जिवंत आहेत, मग याला भूत तरी कसं म्हणायचं? फिजिक्सच्या सरांना 'मैत्रिणीचं' म्हणून सांगून बघितलं. ते म्हणाले, मैत्रिणीला झोप पुरेशी घ्यायला सांग. थोडक्यात, मला अजून काही कळलेलं नाही.

आता वंदनाताई सुट्टीच्या दिवशी कॅम्प दोनला जातात. दुकानातून मला फोन येतो, स्पीकरवर. ज्योतीताई मागून ओरडतात, "तिला सांग, माझा विश्वास नाही म्हणावं! आणि विचार, जेवली का?"