बटाट्याचा दिवस

माझ्या सासूबाईंच्या आजीचे वडील डच होते. एवढं आणि त्यांचं नाव, यापलीकडे योकोहामाच्या आमच्या घरात कुणाला फारसं ठाऊक नव्हतं. बंदरावर नोकरीला आले, एक मुलगी झाली, तरुणपणीच वारले. नव्वदच्या दशकात सासूबाईंचं हृदयाचं दुखणं वाढलं आणि त्यांनी ध्यास घेतला, की या माणसाच्या मृत्यूचा दिवस शोधायचा. घरातल्या बुत्सुदानात, म्हणजे पूर्वजांच्या देव्हाऱ्यात, ज्याचा दिवस असेल त्याच्या नावाने पान मांडतात. "या एकालाच दिवस नाही," त्या म्हणायच्या. "शंभरावर वर्षं उपाशी बसलाय बिचारा. आणि मी गेले की विचारणारंही कुणी उरणार नाही."

नवरा कंपनीत, मुलगी शाळेत. म्हणजे काम माझ्याच गळ्यात पडलं.

दोन वर्षं मी वॉर्ड ऑफिसच्या पायऱ्या झिजवल्या. नंबर घ्या, बसा, खिडकीशी जा. खिडकीतला माणूस इतका नम्र की भांडायचीही सोय नाही. तो वाकून सांगणार की जुनी नोंदवही १९२३च्या भूकंपानंतरच्या आगीत गेली, किंवा अमुक वर्षांपूर्वीची दाखवता येत नाही, किंवा दुसऱ्या ऑफिसात विचारा. मी रक्ताची वारस नाही, म्हणून दर वेळी सासूबाईंच्या शिक्क्याचं अधिकारपत्र आणि सोबत आमच्या घराचा रहिवासाचा दाखला. त्या दाखल्यावर नवरा, सासूबाई आणि मुलगी. मी नाही. मी पुण्याहून आलेली, आणि परदेशी माणसाचं नाव तेव्हा त्यावर येतच नसे. मला वेगळं कार्ड. नऊ वर्षं त्या घरात भात शिजवत होते, आणि कागदावर घरात तिघंच. एकदा घरी येऊन यावरून मी भांडी आपटली. सासूबाई भांडी पुसायला लागल्या.

शेवटी सासूबाईंच्या आजींची नोंद मिळाली. आईचं नाव होतं. वडिलांचा रकाना कोरा. मी त्या कोऱ्या चौकोनाची प्रत पैसे भरून घेतली आणि ट्रेनमध्ये झोपून दोन स्टेशनं पुढे गेले.

मग हॉलंडला पत्रं. एका दफ्तरखान्याकडून कित्येक महिन्यांनी दोन झेरॉक्स आल्या. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका डच माणसाने जेवणाच्या सुट्टीत त्या वाचून दिल्या. एक गावाकडचा जन्माचा दाखला: बाप सुतार, बापाला सही येत नाही. दुसरा योकोहामातल्या डच वकिलातीने नोंदवलेला मृत्यूचा: वय सव्वीस, गोदामातला कारकून, अविवाहित, साक्षीला एक बेकरीवाला. दोन कागदांत माणूस संपला. मुलीचा उल्लेख नाही, तिच्या आईचा तर नाहीच. पण तारीख होती, आणि मला वाटलं, सुटले एकदाची.

मात्र पुण्याची सवय सुटत नाही. आमच्याकडे वडिलांचं श्राद्ध तिथीला होतं, तारखेला नाही. तो माणूस वारला तेव्हा जपानातही चंद्रावरचंच पंचांग चालायचं. तारीख डच लोकांची. इथल्या माणसांनी तो दिवस कसा मोजला असेल? लायब्ररीत जुन्या-नव्या पंचांगाचं कोष्टक असलेलं जाडजूड पुस्तक होतं. तारीख शोधली, रेघ धरून बोट पलीकडे नेलं आणि थांबले. तो दिवस मला पाठ होता.

सासूबाई दर वर्षी शरदात, तांदळाच्या दुकानाने दिलेल्या कॅलेंडरवर बारीक अक्षरात छापलेला जुन्या पंचांगाचा दिवस बघून, बुत्सुदानात मीठ लावलेला एक उकडलेला बटाटा ठेवायच्या. भात नाही, फक्त बटाटा. त्यांच्या आजीने लावून दिलेला नेम. आजीला तिच्या आईने. कशासाठी, तर म्हणे डोळे चांगले राहावेत म्हणून. लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं. आमच्याकडे एकादशीला बटाटा, इथे देवालाच उपास घडवतात की काय!

बटाटा म्हणजे हॉलंडचा भात. मला लायब्ररीतच रडू आलं, आणि रागही. दोन वर्षं खिडक्यांसमोर वाकत होते, आणि तो दिवस आमच्याच स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेला होता.

घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. बराच वेळ त्यांनी झेरॉक्सवरून हात फिरवला.

"म्हणजे तो उपाशी नव्हता," त्या म्हणाल्या.

"एकही वर्ष नाही, आई."

"आणि बटाटा ठेवणारी त्याच्या कुठल्याच कागदावर नाही."

"नाही."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. भांडी आपटली होती तो दिवस त्यांच्या लक्षात होता, हे मला तेव्हा कळलं.

"तुमच्याकडे दिवस कसा मोजतात, ते मुलीला शिकवून ठेव," त्या म्हणाल्या. "आणि तुझ्यासाठी काय ठेवायचं, तेही आत्ताच सांग. म्हणजे मीच तिला सांगते."

मी इतकी दमले होते की पुरणपोळी, वरणभात, काही म्हणजे काही आठवेना.

"बटाटाच चालेल," मी म्हटलं.