वल्ह्यावर डागलेला मासा

तापीच्या पात्रात मी आणि माझा नवरा डोंगीतून मासे धरतो. वल्ही चोरीला जायला लागली, तेव्हा मी चुलीत सळई तापवून आमच्या वल्ह्यांवर मासा डागला. तरी एक गेलंच. ते काठाला लागलेल्या दुसऱ्याच्या डोंगीत दिसलं. नवऱ्यानं वल्ह्याला हात घालताच त्या डोंगीवाल्यानं तेच वल्हं त्याच्या तोंडावर हाणलं. दोन दात वाळूत पडले. मी आमचं दुसरं वल्हं त्याच्या मनगटावर घातलं. हाड कडकन मोडलं.

"मन्हं शे ते!" वल्हं आपलंच असल्याचं तो तरीही ओरडत होता.

मी खाली पडलेलं वल्हं त्याच्या डोळ्यांपुढे धरलं. डाग त्यानं तासला होता, पण माशाची खोल जळालेली शेपटी उरली होती.

आता आम्हाला पाहिलं, की तो डोंगी पलीकडच्या काठाला नेतो.