दून अरागलच्या दारातली दोन वाक्यं

समुद्रावरचं धुकं सावकाश वर सरकलं आणि पडदा उघडावा तसा स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचा दून अरागलचा किल्ला समोर आला. अर्धा ढासळलेला बुरूज, त्यावर सरकारी संरक्षणाची पाटी, आणि दाराशी चौकड्यांचा किल्ट, तिथल्या पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा घागरा, नेसून ताठ उभा असलेला फर्कर.

या दाराची चावी त्याच्या घराण्याकडे. एरवी तो मेंढ्या राखी, पर्यटकांना तिकिटं देई. पण कुळाचा नवा प्रमुख पहिल्यांदा आला की दार अडवून गेलिक या तिथल्या जुन्या भाषेत "कोण आलंय?" विचारायचं, आणि उत्तर मिळालं की "आत या, चूल पेटलेली आहे" म्हणायचं, हा मान त्याचा. वडिलांनी ही दोन वाक्यं त्याच्याकडून घोकून घेतली होती. त्याचं गेलिक तेवढंच. पोरगं शाळेत मागे पडेल म्हणून आईने घरात इंग्रजीशिवाय अक्षर उच्चारू दिलं नव्हतं. पर्यटकांपुढे मात्र तो ती वाक्यं असा खर्ज लावून म्हणे की टाळ्या पडत. भाषा येते का, असं कुणी विचारलं तर नुसता मिशीत हसे.

यंदाची प्रमुख इशबेल, कॅनडात वाढलेली. सगळं कुळ जमलं होतं.

"कोण आलंय?" फर्करचा आवाज बुरुजावर घुमला. इशबेलने आपलं नाव, बापाचं, आज्याचं नाव सांगितलं.

"आत या, चूल पेटलेली आहे!"

टाळ्या थांबल्या. इशबेलने त्याचा हात हातात घेतला आणि गेलिकमध्येच हलक्या आवाजात काहीतरी विचारलं.

फर्करला त्यातलं अक्षरही कळलं नाही. सगळे कान देऊन होते. त्याने छाती पुढे काढली.

"आत या, चूल पेटलेली आहे."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. शेजारची म्हातारी ओइरिक पुढे आली.

"अरे, तुझी आई गेली त्याचं विचारतेय ती. शेवटी फार त्रास झाला का म्हणून. आणि तू तिला चूल काय दाखवतोस!" मग तिच्या लक्षात आलं. "म्हणजे तुला येतच नाही? मी रोज गेलिकमध्ये हाक मारायचे, तर हा टोपी उचलून चालता व्हायचा. मला वाटायचं, मेल्याला चावीचा माज चढलाय!"

हशा पिकला. फर्करचे कान तापले. त्या जाड भिंतीत शिरता आलं असतं तर तो शिरला असता. आईचं नाव निघालं होतं, आणि त्याने पाठ केलेला संवाद फेकला होता.

"माफ करा, काका," इशबेल इंग्रजीत म्हणाली, "मी इंग्रजीतच विचारते."

फर्करने टोपी काढली. मान वर न करता म्हणाला, "नको, बाई. त्याच भाषेत विचारा, जरा हळू. ओइरिक मावशी, 'झोपेतच गेली' हे कसं म्हणायचं, तेवढं सांग मला."