दुसरा श्रावणी सोमवार

माझ्या मैत्रिणीला मोजून चार गोष्टी करता यायच्या. पिठलं, भाकरी, मुगाची खिचडी आणि लसणीची चटणी. ती साताऱ्याकडची, नवरा फौजेत. मी नाशिककडची, आमचे हे विम्याच्या ऑफिसात. ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत जयपुरात, खातीपुऱ्याला, आमची भिंतीला भिंत होती. तिची-माझी शेवटची भेट माझ्यामुळे हुकली, ते आज लिहून टाकते.

मी पहिल्यापासून तिखट. यांच्याशी वाजलं की माझा स्टोव्ह बंद. भांड्यांच्या आदळआपटीवरून तिला कळायचं. मग गच्चीच्या कठड्यावरून ताट यायचं, "आगं बये, रागाव, पन जेवून रागाव." पिठलं इतकं पातळ की बाजरीची भाकरी कुस्करून त्यात भिजवावी लागे. मी नावं ठेवत ठेवत दोनदा मागून घ्यायची.

तिच्या यजमानांची अहमदाबादला बदली झाली. वर्षभरानं तिचं पत्र आलं. पोटात गाठ निघाली होती, ऑपरेशनसाठी दिल्लीला नेणार होते. "दुसऱ्या श्रावणी सोमवारी दुपारी आमची गाडी जयपूरला येतीया. स्टेशनवर ये. तुला बघून पुढं जाते."

मी गेले. साबुदाण्याची खिचडी घेऊन तासभर आधी जाऊन उभी राहिले. गाडी आली, मी एकेक डबा बघत पळाले. ती नव्हतीच. घरी आले ती फणफणत. बाई, यायचं नव्हतं तर दोन ओळी खरडायला काय झालं होतं? पत्राचं उत्तरसुद्धा द्यायचं नाही, असं ठरवलं. यांनी दोनदा म्हटलं, अहमदाबादला तार करून विचार. मी म्हटलं, माझं अडलंय खेटर.

दिवाळीच्या आधी तिचे यजमान आले, एकटेच. त्यांच्याकडे बघूनच मला कळलं. पाणी दिलं. ते म्हणाले, "वहिनी, ऑपरेशन झालं, पण ती उठली नाही."

मी तरी काय बाई! त्या दुःखातही माझ्या तोंडून तक्रारच निघाली. म्हटलं, "मी स्टेशनवर आले होते भाऊजी. दुसऱ्या सोमवारी. तुम्हीच नव्हता."

"आम्ही होतो की. रक्षाबंधनाच्या आदल्या आठवड्यात."

मी मनात हिशोब केला. जयपूरचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो. सहा वर्षं शेजारणींबरोबर त्यांचेच सोमवार धरून मी आपला श्रावण विसरले होते. मी इथल्या दुसऱ्या सोमवारी गेले. ती आपल्या सोमवारी आली.

भाऊजी सांगत होते. तिला उभं राहवत नव्हतं, तरी गाडी थांबल्यापासून ती दारातच होती. संध्याकाळी मला उपास सोडता यावा म्हणून निघायच्या दिवशी पहाटे उठून भाकरी थापल्या होत्या. पिठलं वाटेत नासेल म्हणून कोरडा झुणका केला होता. गाडी हलली तेव्हा त्यांनीच चिडून म्हटलं, "बघ, आली का तुझी मैत्रीण?"

"मग? काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, तिच्या घरात कुनीतरी आजारी असंल. न्हायतर ती न येनारी न्हवं."

घरात कुणी आजारी नव्हतं. त्या दुपारी मी पंख्याखाली पडून शेजारणीला सांगत होते, की ती बाई एक नंबरची खोटारडी आहे.