वाळूजची चौथी पाळी

यंदा एक मे शुक्रवारी आला. ऑफिसातले सगळे महाबळेश्वरला निघाले आणि मी मामेभाऊ गणेशदादाकडे वाळूजला. "चौथ्या पाळीला ये," असं तो फोनवर म्हणाला होता. कारखान्यात पाळ्या तीनच असतात, एवढं मलाही ठाऊक होतं.

पुण्याहून पहाटेचीच एसटी धरा. बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि अहिल्यानगर सोडलं की ऊन जीव काढतं. संभाजीनगर शहरापर्यंत जायला नको, वाळूज आधीच लागतं. फाट्यावर दादा इस्त्रीच्या शर्टात उभा होता, वऱ्हाडात निघाल्यासारखा.

कारखान्याच्या गेटवर मांडव, लाल झेंडा, गार पाण्याचे माठ. मी दिसेल त्याला "महाराष्ट्र दिनाच्या शुभेच्छा" देत सुटले. पॅकिंगमधल्या शोभाताईंनी हसून थांबवलं. "ते सकाळी झालं बाई, शाळंत. आता हा आमचा, कामगार दिन."

मधली काही वर्षं कंपनी या दिवशी क्रिकेटचे सामने भरवायची. दादा म्हणाला, "आठ तासाच्या पाळीसाठी लोकांनी जीव दिला, आन आपण त्याच दिवशी फुकटचे टी-शर्ट घालून षटकार मारायचे? युनियननं सांगितलं, सामने दुसऱ्या दिवशी घ्या. एक मेला तिन्ही पाळ्या गेटवर." एरवी पाळी बदलताना, बस सुटायच्या घाईत मान हलवण्यापुरतीच भेट. सगळे एकत्र फक्त आजच, म्हणून ही चौथी पाळी. रिवाज असा, की एकाच मशीनवर तीन पाळ्यांत काम करणाऱ्या तिघांनी एका ताटात जेवायचं.

दादाच्या ताटात काळेमामा आणि रफीकभाई.

"माझा पाना लपवणारा ह्योच!" दादा ओरडला.

"छुपाता नै मियाँ, सँभाल के रखता!" रफीकभाईंनी त्याच्या तोंडात भाकरी कोंबली.

मला हेवा वाटला. लहानपणी मामाने दादाला सायकल आणली तेव्हा वाटला होता, अगदी तसा. पुण्याची नोकरी म्हणून आमच्या घरात माझंच कौतुक असतं. पण आमच्या ऑफिसात युनियन नाही, 'कुटुंब' आहे, आणि कुटुंबात पाळी कधी संपत नाही. तेवढ्यात साहेबांचा मेसेज आला आणि मी हात न धुताच फोन काढला.

शोभाताई बघत होत्या. आमच्याकडेही रात्रपाळी असते, हे दादाने त्यांना सांगितलं होतं. "तुमच्या खुर्चीवर रात्रपाळीला कोण बसतं?"

"माहीत नाही. रोज खुर्चीची उंची कमी करून ठेवतं, एवढं खरं."

"नाव पण नाय ठावं?" त्यांना माझी कीव आली. ते जास्त लागलं.

संध्याकाळी दादाने संभाजीनगरच्या गुलमंडीत नेऊन जिलबीसारखी गरम इमरती खायला घातली. ती मात्र चुकवू नका. मी बांधूनही घेतली.

घरी येऊन आठवडा झाला. झेंड्याचे फोटो सगळ्यांनी 'लाइक' केले, पण हेवा काही उतरलेला नाही. परतल्यावर पहिल्याच सोमवारी माझी पाळी संपली. साहेबांना "आता उद्या" असं कळवून फोन बंद केला आणि खुर्चीतच बसून राहिले. थोड्या वेळाने एक ठेंगणी मुलगी पाठीवर बॅग घेऊन आली आणि बिचकून उभी राहिली.

"मॅडम, ही माझी खुर्ची..."

"माझीपण," मी म्हणाले आणि इमरतीचा डबा उघडला. "नाव काय तुझं?"